अण्णांचा विस्तव

सिडनीच्या टूनगॅबीतल्या त्या घराला फायरप्लेस आहे, एवढ्या एका गोष्टीवर उल्हास ते घर बघायला गेला तेव्हाच फिदा झाला होता. घर जुनं, विटांचं, छत उंच, जमीन लाकडी आणि खालून पोकळ. हिवाळ्यात ते किती गारठतं हे विचारायचं त्याला सुचलंच नाही. बायको, लीना, म्हणाली होती, "फायरप्लेस घेऊन आपण काय करणार रे?" तर म्हणाला, "फोटो काढू." आणि दोन वर्षं त्या फायरप्लेसने खरोखरच दुसरं काही केलं नाही. दिवाळीत तिच्यात पणत्या बसायच्या, गणपतीत तिच्यापुढे मखर, आणि एरवी लेकीची, मयूराची, शाळेतली बक्षिसं.

उल्हास आयटीतला माणूस. सोल्यूशन आर्किटेक्ट असं त्याच्या ईमेलखाली लिहिलेलं असायचं. अशा माणसांना ज्या गोष्टीला आपण कधी हात लावलेला नाही तिच्याबद्दल जरा जास्तच आत्मविश्वास असतो. पण २०२१च्या जूनमध्ये, इथल्या हिवाळ्याच्या तोंडावर, त्याने लाकडं जाळायचा लोखंडी स्टोव्ह मागवला तो हौस म्हणून नव्हे. तो अण्णांसाठी होता.

अण्णा म्हणजे त्याचे वडील, चंद्रहास. कोविडच्या आधी, वीसच्या फेब्रुवारीत ते एकटेच तीन महिन्यांसाठी आले. आई, रेखा, भाचीचं लग्न उरकून एप्रिलमध्ये येणार होती. मार्चमध्ये दारं बंद झाली. मधे परत जायची संधी दोनतीनदा आली, पण दर वेळी उल्हास म्हणाला, "अण्णा, डायबेटिस आहे तुम्हाला, साथ जरा कमी होऊ दे, मग जा." अण्णा थांबले. पुण्यात आईही थांबली. रोज संध्याकाळी दोघं फोनवर भाजी कुठली केली ते एकमेकांना सांगायचे. शेवटी एकवीसच्या मे महिन्याचं परतीचं तिकीट काढलं, आणि एप्रिलमध्ये पुण्यात दुसरी लाट आली.

आईला बेड मिळाला, ऑक्सिजन मिळाला नाही. म्हणजे मिळाला, संपला, पुन्हा मिळाला, पुन्हा संपला. उल्हास इथून फोनवर फोन लावत होता, रात्री लावत होता, दिवसा लावत होता, कुणा आमदाराच्या पीएला लावत होता. शेवटच्या व्हिडिओ कॉलवर तिने विचारलं होतं, "येतोयस ना रे?" तो म्हणाला, "हो आई, येतोय." त्याच आठवड्यात इथल्या सरकारने भारतातून येणारी विमानं बंद केली होती. गेला असता तर परत येता आलं नसतं, आणि मुळात देशाबाहेर जायलाच परवानगी नव्हती. ती गेली तेव्हा चुलतभाऊ माधव स्वतःच पॉझिटिव्ह होऊन घरात कोंडलेला. महापालिकेची माणसं घेऊन गेली. लाकडावर की विद्युतदाहिनीत, अग्नी कुणी दिला, हे माधवलाही सांगता आलं नाही. अण्णांनी त्याला तीनदा विचारलं. चौथ्यांदा विचारलं नाही.

त्यानंतर अण्णांना थंडी वाजायला लागली. स्प्लिट एसी गरम हवेवर लावला की त्यांना वारं लागायचं आणि घसा सुकून खोकला यायचा. तेलाचा हीटर पायाशी ठेवला तर पायच तेवढे शेकायचे. दोन स्वेटर, कानटोपी, वर आईच्या जुन्या पातळांची गोधडी, असे ते पुढच्या खोलीत त्या रिकाम्या फायरप्लेसपुढे खुर्ची टाकून बसायचे. एकदा उल्हासने पाहिलं, ते हात पुढे करून शेकत होते. समोर काहीच नव्हतं. मयूराची बक्षिसं होती. त्या दिवशी त्याने स्टोव्ह मागवला.

लॉकडाऊनच्या आधी पेनरिथकडचा ग्रेग नावाचा मिस्त्री येऊन सगळं बघून गेला. तो फायरप्लेसमध्ये उताणा पडला, टॉर्च वर मारला आणि बराच वेळ तसाच राहिला. मग बाहेर येऊन केसांतली काजळी झटकत त्याने उल्हासला समजावलं. उघड्या जाळासाठी बांधलेली चिमणी ऐसपैस असते. स्टोव्हचा धूर त्यामानाने थोडा आणि मंद. तो त्या रुंद, गार पोकळीत नुसता सोडून दिला तर अर्ध्या वाटेत थंड होतो आणि परत खाली खोलीत उतरतो. शिवाय विटांना डांबरासारखा थर धरत जातो, आणि एखाद्या दिवशी तोच पेट घेतो. म्हणून स्टोव्हच्या डोक्यापासून थेट छपराच्या वरपर्यंत सलग पोलादी पाईप चिमणीच्या आतून न्यायचा. खाली पाईपभोवतीची फट पत्र्याने बंद करायची. त्याआधी चिमणी झाडायची, कारण आत मैनांनी घरटी केलीत. आणि भिंतीवर वरच्या बाजूला हवेच्या ज्या जाळ्या आहेत त्यांना हात लावायचा नाही.

"फायर हॅज टु ब्रीद, मेट," ग्रेग म्हणाला. "अँड दॅट थिंग इज नॉट अ चिमनी. इट्स अ होल. द पाईप इज युअर चिमनी."

उल्हासने मान डोलावली. मीटिंगमध्ये डोलावायचा तशीच.

स्टोव्ह आला, पाईप आले, गॅरेजमध्ये रचून ठेवले. ग्रेगने जुलैअखेरची तारीख दिली. आणि लॉकडाऊन लागलं. सिडनीचा हा पश्चिमेकडचा भाग तर जास्तच धोक्याचा ठरला. वर हेलिकॉप्टर फिरायला लागलं, कोपऱ्यावर पोलीस उभे राहिले, आणि राहत्या घरात कामगारांनी शिरायचं नाही असा नियम निघाला. ग्रेगचा फोन आला. "सॉरी मेट. डोन्ट टच इट टिल आय कम, येस?"

"नो वरीज," उल्हास म्हणाला.

अण्णा विचारायचे, "येतोय का रे तो माणूस?" उल्हास म्हणायचा, "येतोय, अण्णा." आईलाही त्याने हेच सांगितलं होतं.

जवळच्या गिरावीनला राहणारा राघव, कॉलेजपासूनचा मित्र, फोनवर म्हणाला, "अरे, चिमणी आहे ना वरपर्यंत? मग अजून काय पाहिजे? शंभर वर्षं लोक त्यातच जाळतायत. तू फक्त स्टोव्हचं तोंड चिमणीत दे. व्हिडिओ आहेत की ढीगभर. हो जाएगा यार."

हे उल्हासला पटलं, कारण त्याला तेच ऐकायचं होतं. चिमणी आहे, स्टोव्ह आहे, एकाचं आउटपुट दुसऱ्याचं इनपुट. ग्रेग तज्ज्ञ खरा, पण तज्ज्ञ नेहमीच जास्तीचं सांगतात, ऑफिसात तो स्वतःही सांगायचा. आणि अगदी खरं सांगायचं तर या सगळ्या वर्षात त्याच्या हातून एकही गोष्ट झाली नव्हती. विमान उडवता आलं नाही, सिलिंडर मिळवता आला नाही, आईजवळ जाता आलं नाही. निदान एक खोली गरम करता येणार नाही का मला, असं त्याच्या मनात इतक्या रागाने आलं की तो गॅरेजमध्ये जाऊन एकटाच उभा राहिला.

लीना पॅथॉलॉजीत रक्त घ्यायच्या कामावर होती, त्यामुळे तिला रोज बाहेर जावं लागायचं. शनिवारी ती शिफ्टला गेली आणि उल्हास कामाला लागला. स्टोव्ह पोत्यावरून घसटत फायरप्लेसच्या कोनाड्यात बसवला. छपरावर चढायचं नाही हे त्याला नक्की ठाऊक होतं. लीनाने तशी शपथच घातली होती. मग त्याने पाईपचे खालचे दोन तुकडे एकात एक बसवून चिमणीच्या घशात सारले. भोवतीच्या फटीला बार्बेक्यूच्या जुन्या ट्रेचा पत्रा कापून लावला, आणि जिथे पत्रा पुरला नाही तिथे थंडी अडवायला छताखाली पसरतात ती, माळ्यावर उरलेली काचेची लोकर कोंबली. अण्णा खुर्चीत बसून बघत होते. मधेमधे "हात सांभाळ रे" म्हणत होते. संध्याकाळी काजळीने माखलेला उल्हास उभा राहिला तेव्हा कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्याला स्वतःबद्दल बरं वाटलं.

लीना घरी आली, कपडे बदलून गॅरेजमध्ये डोकावली. "उल्हास, हे पाईप उरले कसे?"

"स्पेअर असतात ते."

"चार चार स्पेअर?"

"किटमध्ये एक्स्ट्रा देतात गं."

लीनाने त्याच्याकडे पाहिलं. मग दारातून पुढच्या खोलीत पाहिलं. अण्णांनी कानटोपी काढून मांडीवर ठेवली होती आणि स्टोव्ह पेटायची वाट बघत ते ताठ बसले होते. ती काही बोलली नाही. पुढे कितीतरी दिवस तिला त्या न बोलण्याचं वाईट वाटत राहिलं.

स्टोव्ह मात्र त्या दिवशी अण्णांनी पेटवू दिला नाही. "दोन दिवस थांब," म्हणाले. "परवा तिचं तिसरं मासिक आहे."

परवा लीनाने साधा स्वयंपाक केला, वरणभात, भाजी, खीर. स्वयंपाकघराबाहेर छताला धुराचा अलार्म होता. त्याला शॉवर कॅप घातलेली होतीच. फोडणीला वाजायचा म्हणून ती पहिल्या आठवड्यातच बसली होती, आणि काढायची कुणाला कधी आठवण झाली नव्हती. अण्णांनी अंघोळ करून धोतर नेसलं. थंडीत, उघड्या अंगाने. काटक्या त्यांनीच रचल्या, कागद त्यांनीच सारला, काडी त्यांनीच ओढली. जाळ एकदम वर उठला आणि भसाभस चिमणीत गेला. धुराचा एक धागा खोलीत आला नाही. उल्हासने लीनाकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

अण्णांनी तूपभाताचा घास त्या जाळात ठेवला. मंत्र वगैरे काही म्हणाले नाहीत. "रेखा," एवढंच म्हणाले. आणि मग हा सत्तरी उलटलेला माणूस, जो ती गेल्याचा फोन आला त्या दिवशीही सर्वांसमोर रडला नव्हता, दोन्ही हात त्या उबेपुढे धरून घळाघळा रडला. मयूरा दारात उभी होती. ती येऊन आजोबांना बिलगली.

बऱ्याच वेळाने अण्णा म्हणाले, "उल्हास, हा विझू देऊ नकोस रे. निदान मी इथे आहे तोवर."

"नाही विझू देणार, अण्णा."

"तिला अग्नी देता नाही आला. हा तरी राहू दे."

"राहील, अण्णा." आईला दिलेला शब्द खोटा होता, हा आपल्या हातातला आहे, असं त्याला वाटलं.

त्यानंतरचे दिवस त्या घरातले चांगले दिवस होते. अण्णा बोलायला लागले. भोरजवळच्या गावातलं लहानपण सांगायला लागले. त्यांची आई चुलीतला विस्तव म्हणून कधी विझू द्यायची नाही. निजायच्या आधी निखारे एकत्र करायची आणि त्यांवर राखेचं पांघरूण घालायची. सकाळी राख बाजूला केली की आत लाल डोळे मिचकावत असायचे, फुंकणीने दोन फुंकरा मारल्या की जाळ. "काडेपेटी उगाच कोण खर्च करणार?" अण्णा म्हणायचे, आणि इथेही तसंच करायचे. रात्री निखारे ओढून त्यांवर राख सारायची, स्टोव्हमध्ये हवा सोडायचा खटका जवळजवळ बंद करायचा. दिवसाही जाळ मोठा नको, लाकूड लवकर संपतं. शेजारच्या गमट्रीची, म्हणजे निलगिरीची, वादळात पडलेली फांदी उल्हासने तोडून आणली होती. तीच ओलसर लाकडं मंद धुमसत राहायची. विस्तव विझायचा नाही आणि नीट पेटायचाही नाही.

ऊब वाया जाते म्हणून अण्णांनी दाराच्या फटीला गोधडी लावली. मग एक दिवस स्टुलावर चढून भिंतीवरच्या हवेच्या जाळ्यांत एका मराठी मासिकाची पानं कोंबली. "तिथून वारं येत होतं बघ थेट मानेवर," म्हणाले. उल्हासने पाहिलं. ग्रेगचं वाक्य त्याच्या मनात अर्धवट वर आलं, तेवढ्यात त्याचा कॉल सुरू झाला, आणि वाक्य परत खाली गेलं.

मयूरा नाक मुरडायची. "आजोबा, युअर रूम स्टिंक्स ऑफ स्मोक."

"धुराचं काय एवढं?" अण्णा हसायचे. "धुरातच वाढलो आम्ही."

डोकेदुखी सुरू झाली ती आधी अण्णांची. मग उल्हासचीही, कारण तोही संध्याकाळी तिथेच लॅपटॉप घेऊन बसायला लागला होता. मळमळायचं, गळून गेल्यासारखं व्हायचं. दुसऱ्या कुठल्या वर्षी माणसाने खिडकी उघडली असती. त्या वर्षी डोकं दुखलं की एकच गोष्ट आठवायची. लीनाने दोघांना गाडीत घालून टेस्टला नेलं. गाड्यांची रांग मैलभर, खिडक्या खाली, अंगावर गार वारा. नंबर येईपर्यंत दोघांचंही डोकं दुखायचं थांबलं. "बघ, घरात बसून बसून दुखतं," अण्णा म्हणाले. दुसऱ्या दिवशी मेसेज आला, निगेटिव्ह. घरात केवढा आनंद झाला! लीनाने शिरा केला आणि सगळ्यांनी तो स्टोव्हपुढे बसून खाल्ला.

तो दिवस ऑगस्टमधला. सकाळपासून बारीक पाऊस, वारा मुळीच नाही, आभाळ अगदी छपरावर टेकलेलं. लीना कामावर होती. उल्हास मागच्या खोलीत दुपारच्या मीटिंगमध्ये आपली स्क्रीन दाखवत होता. मयूरा दारात आली. त्याने हाताने थांब अशी खूण केली. ती थांबली नाही.

"डॅड, आजोबा इज नॉट आन्सरिंग मी."

"झोपले असतील."

"अँड द डोअर वोन्ट ओपन."

तो हेडफोन तसाच गळ्यात घेऊन धावला. दार आतून गोधडीने दाबलेलं होतं. खांदा लावून ढकललं तेव्हा जेमतेम आत शिरता आलं. खोली छान उबदार होती. हेच त्याला पुढे आठवत राहिलं, की खोली किती उबदार होती. वरती निळसर काहीतरी तरंगत होतं. स्टोव्हचं दार किलकिलं, आत राखेचा ढीग, राखेखाली लाल. अण्णा खुर्चीत मागे रेलले होते, तोंड उघडं, गाल मुलासारखे गुलाबी, आणि मांडीवर कानटोपी.

त्याने त्यांना काखेत धरून ओढत व्हरांड्यात आणलं. धोतर पायऱ्यांवर भिजलं. "अण्णा! अण्णा, डोळे उघडा!" तो त्यांना हलवत होता, गालांवर मारत होता. मयूरा फोनवर पत्ता सांगत होती, एकेक अक्षर स्पष्ट, शाळेत पाठ म्हणून दाखवावा तसं. अण्णांच्या छातीत घरघर होती, म्हणजे श्वास होता. उल्हास त्या श्वासाला कान लावून बसला. एवढं बसणं सोडलं तर त्याला दुसरं काहीही करता येत नव्हतं, आणि हे त्याला चांगलं ओळखीचं होतं.

अॅम्ब्युलन्समधली माणसं डोक्यापासून पायापर्यंत निळ्या प्लॅस्टिकमध्ये होती. मास्क लावता लावता एकीने विचारलं, "एनी कोविड सिम्प्टम्स इन द हाउस?"

"हेडेक," उल्हास म्हणाला. "बट वी गॉट टेस्टेड. इट वॉज नेगेटिव्ह."

तो गाडीत चढायला गेला तर तिने हात आडवा धरला. सोबत कुणी नाही, हॉस्पिटलमध्येही नाही, कळवतील. ती वाईट बोलली नाही, उलट त्याच्या दंडाला तिने हातमोज्यातला हात लावला. दार लागलं आणि अण्णा गेले. गेले म्हणजे हॉस्पिटलमध्ये गेले, पण त्या क्षणी उल्हासच्या मनात ते दोन्ही अर्थ एकच झाले.

मागोमाग फायर ब्रिगेड आलं. एक उंच, पिकल्या मिशांचा माणूस हातात कार्बन मोनॉक्साइड मोजायचं छोटं यंत्र धरून आत गेला. दारातच ते किंचाळायला लागलं. त्याने खिडक्या उघडल्या. जाळ्यांतली मासिकाची पानं ओढून काढली, त्यांवरच्या अक्षरांकडे क्षणभर बघितलं आणि टेबलावर नीट ठेवली. पॅसेजमध्ये छताची शॉवर कॅप काढून तीही तिथेच ठेवली. मग गुडघ्यांवर बसून स्टोव्हच्या मागे टॉर्च मारला. कोंबलेली लोकर, बार्बेक्यूचा पत्रा, दोन हातांवर संपलेला पाईप, त्यावर काळी पोकळी.

"हू पुट दिस इन?"

"मी," उल्हास म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, "मी."

तो माणूस रागावला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "ही वॉज कोल्ड, वॉज ही? युअर डॅड?" उल्हासने मान हलवली. "येह," तो म्हणाला, "वी सी इट अ लॉट," आणि उठला.

त्याने लोखंडी बादली मागवली आणि फावड्याने स्टोव्हमधला विस्तव तिच्यात भरायला लागला. राख बाजूला झाली की आत निखारे दिसत होते, लाल, जिवंत. इतके दिवस एकदाही न विझलेले. बादली घेऊन तो मागच्या अंगणात निघाला.

"थांबा," उल्हास म्हणाला.

मराठीतच म्हणाला. तो माणूस वळला. "सॉरी, मेट?"

काय सांगणार होता? की हा माझ्या आईचा आहे? की मी शब्द दिलाय? इंग्रजी त्याला चांगलं येत होतं, वीस वर्षं त्यातच भाकरी कमावली होती, पण हे त्या भाषेत कुठून सुरू करायचं ते त्याला कळेना. "नथिंग," तो म्हणाला.

त्या माणसाने बादली गवतावर ओतली आणि नळी सोडली. मोठा चर्र आवाज झाला, पांढरी वाफ उठली आणि पावसात विरून गेली. स्टोव्हच्या दाराला त्यांनी वापरू नये अशी लाल चिठ्ठी लावली. शेजारचे लोक आपापल्या अंगणात मास्क लावून उभे होते. कुणी जवळ आलं नाही. यायची परवानगीच नव्हती.

संध्याकाळी लीना आली. तिने गॅरेजचं दार उघडलं, भिंतीला टेकलेले ते चार पाईप बघितले आणि खाली बसून रडली. उल्हास हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये जाऊन दोन तास गाडीत बसला. कुठल्या खिडकीत अण्णा आहेत ते माहीत नव्हतं, म्हणून सगळ्या खिडक्यांकडे बघत बसला. मग सुरक्षारक्षकाने काच वाजवून घरी जायला सांगितलं.

सकाळी फोन आला. नर्स म्हणाली, ते शुद्धीवर आलेत, धोका टळलाय, पण अजून काही दिवस ठेवावं लागेल. तुमच्याशी बोलायचंय म्हणतायत. तिने व्हिडिओ लावून फोन त्यांच्यासमोर धरला. मास्कमागे अण्णांचा चेहरा एवढासा झाला होता. एप्रिलमध्ये त्याने असाच चेहरा, असाच मास्क, याच फोनवर पाहिला होता.

"अण्णा, कसं वाटतंय?"

"बरंय." ते थांबत थांबत बोलत होते. "इथे भिंतीतून येतो रे ऑक्सिजन. नळासारखा. बंदच होत नाही." त्यांनी डोळे मिटले. "रेखाला..." म्हणाले.

लीनाने मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"उल्हास, विस्तव आहे ना?"

आहे, असं म्हणायला त्याने तोंड उघडलं होतं. येतोय आई, असं म्हटलं होतं तितक्याच सहज ते निघालं असतं. पण अण्णा त्याच्याकडे बघत होते, आणि त्याला ते जमलं नाही.

"नाही, अण्णा. विझवला."

अण्णांनी मास्क हाताने जरा दूर धरला.

"कोणी?"

"फायर ब्रिगेडच्या माणसाने."

"म्हणजे पुन्हा परक्यानेच," अण्णा म्हणाले.

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर उल्हासला निदान पाया तरी पडता आलं असतं. नर्सने काहीतरी विचारलं, अण्णांनी तिला हाताने थांबवलं. "मग असं कर," ते म्हणाले. "राख तरी सावड. तिची कुणी सावडली का, देव जाणे. ही तू सावड. आणि मी येईपर्यंत ठेव."

"हो, अण्णा."

फोन बंद झाला. उल्हासने स्वयंपाकघरातून स्टीलचा डबा घेतला आणि मागच्या अंगणात गेला. पाऊस रात्रभर पडला होता. गवतात जिथे विस्तव ओतला होता तिथे काळा चिखल उरला होता. फायर ब्रिगेडच्या नळीने आणि नंतर पावसाने राख उताराने वाहत कुंपणापर्यंत गेली होती, कुंपणाखालून शेजारच्या अंगणात गेली होती, आणि तिकडे जायला बंदी होती. तो उकिडवा बसला. बोटांनी गवताच्या मुळांतून जेवढी निघेल तेवढी राख निपटून डब्यात घालायला लागला. राख किती आणि माती किती हे आता कुणालाच सांगता आलं नसतं. मयूरा छत्री घेऊन आली आणि त्याच्या डोक्यावर धरून उभी राहिली. तो निपटतच होता. डब्याचा तळही अजून झाकला नव्हता.